माझं मुलतवी लग्न

माझं लग्न आठ वर्षं मुलतवी होतं. हे काही मी गंमत म्हणून सांगत नाही, तसा सरकारी कागद आहे माझ्याजवळ. उर्दूत आहे, त्यावर शिक्का आहे, तारीख निजामाच्या फसली सालातली आहे. कुणाला शंका असेल तर त्यानं घरी येऊन पाहावा. येताना मात्र पाय पुसून यावं.

लग्न म्हटलं की नवरा कोण, हा प्रश्न आलाच. तो त्या वेळी सगळ्यांनी विचारला. समोरच्या रामकिसन वाण्यानं विचारला, आमच्या पाळकसाहेबांनी विचारला, पोलिसांनीही विचारला. 'बाई, तुम्हाला लग्न करायचंय का?' एवढं मात्र मला एकानंही विचारलं नाही.

सन अडतीसची गोष्ट. निजामाचं राज्य होतं आणि मी औरंगाबादेत मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय एकेचाळीस. नाव मिस दीना उजागरे, पण नावानं हाक मारायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती. मुसलमान शेजारी मला उस्तानीबी म्हणत, हिंदू शेजारी मास्तरीणबाई म्हणत आणि आमच्या मंडळीतले ख्रिस्ती लोक 'बिचारी दीनाबाई' म्हणत. या 'बिचारी'चा मला संताप येई. मला तीन खोल्यांचं घर होतं, नोकरी होती, दात सगळे शाबूत होते. बिचारी कशानं?

पण त्या पावसाळ्यात भागूबाई गेली आणि माझा तोरा जरा उतरला.

भागूबाई आमची बायबल-बाई. म्हणजे मिशनच्या वतीनं घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायची. विधवा, मूलबाळ नाही, आमच्या देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, खोलीत एकटीच राहायची. एका रविवारी उपासनेत तिची शेवटच्या बाकावरची जागा रिकामी दिसली. आम्हाला वाटलं, गेली असेल वैजापूरला भाचीकडे. सोमवारीही तसंच वाटलं. मंगळवारी दूधवालीनं दार ठोठावलं, मग ते तोडावं लागलं. भागूबाई शनिवारीच गेली होती. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. दफनाला सगळी मंडळी लोटली, पाळकसाहेब फार सुंदर बोलले, बायका रडल्या. मी घरी आले, आतून कडी लावली आणि त्या कडीकडे बघत बसले. ही कडी उद्या उघडली नाही, तर कळायला किती दिवस लागतील? शाळा चालू असेल तर एक. दिवाळीची सुट्टी असेल तर मात्र सांगता येत नाही. मला त्या दिवशी भीती वाटली. चांगलीच वाटली.

म्हणून मी ठरवलं, की मंडळीतल्या एकट्या बायकांना महिन्यातून एकदा घरी बोलवायचं. पहिला शनिवार, संध्याकाळी पाच. अशा मी धरून अकरा जणी होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या आणि दोघी-तिघी माझ्यासारख्या, ज्यांना नेमकं काय म्हणावं हे लोकांना अजून सुचलेलं नाही. चार गीतं गायची, प्रार्थना करायची, एका पंगतीला बसून जेवायचं. आणि मुख्य म्हणजे मोजायचं. अकरा आहोत ना? आहोत. मग पुढच्या महिन्यापर्यंत देवाच्या हवाली. इतका साधा बेत होता. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं. मी भूगोल शिकवते. माणसांचा अंदाज हा माझा विषय नाही.

पहिला सल्ला शेजारच्या नजमुन्निसा आपांकडून आला. आपा म्हणजे कुणा जुन्या जमादाराच्या बेवा, म्हणजे विधवा, पडद्यातल्या. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक झरोका होता. जगातल्या सगळ्या गोष्टींवर आपांचं मत त्या झरोक्यातून माझ्याकडे येई.

"उस्तानीबी, ग्यारा औरतां तुमच्या अंगणात मावनार कशा?" त्या म्हणाल्या. "मंग गल्लीत बसतील. गल्लीत बसतील तर बेपर्दा. कनात लगाव. मेरे पास है, भानजी सगीराच्या शादीची."

कनात म्हणजे कापडाची उभी भिंत. आपांची कनात लाल-पिवळी होती आणि तिला आरशांचे तुकडे लावलेले होते. प्रार्थनेला ती थोडी भडक होती, पण फुकटच्या कनातीच्या रंगाबद्दल तक्रार कोण करणार? मी हो म्हटलं. तेवढ्यात समोरून रामकिसननं तराजू खाली ठेवून दुसरा सल्ला दिला.

"कनात गल्लीत लावता? मग इजाजत लागंल बघा मास्तरीणबाई. चौकीतून कागद आना. नायतर कनात बी जाईल आन् तुम्ही बी जाल."

त्या दिवसांत चार माणसं एकत्र जमवायची म्हणजे सरकारला आधी कळवावं लागे. सभा म्हटली की सरकारच्या पोटात गोळा येई. मी उर्दूत सुरेख अक्षरात दरखास्त लिहिली आणि चौकीच्या दफ्तरात गेले. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी शाई संपली होती. तिसऱ्या दिवशी सगळं होतं, पण माझी दरखास्त नव्हती. ती अहलकाराच्या, म्हणजे कारकुनाच्या, बस्त्यात दुसऱ्या कुणाच्या म्हशीच्या तक्रारीला टाचलेली सापडली. चौथ्या दिवशी अहलकार निजामुद्दीन साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती आणि भूगोलात कच्ची होती, म्हणून त्यांना माझ्याबद्दल आदर होता.

"जलसा, याने सभा, काय कू?" त्यांनी विचारलं.

"प्रार्थना. दुआ."

"दुआ याने मजहबी जलसा. त्याला वरून मंजुरी लागते. तीन-चार महिने. गाना होगा?"

"गीतं आहेत."

"गान्याचा फॉर्म अलग. तकरीर कोण करनार?"

"कुणी नाही. आम्हीच बोलणार."

"जिम्मेदार मर्द कौन?"

"मर्द कुणीच नाही. अकरा बायका आहेत. एकट्या. जबाबदार मी."

निजामुद्दीन साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं. मी होते तशीच होते. मग त्यांनी बोटांवर मोजलं. "कनात है. औरतां है. खाना है, गाना है, दुआ है. उस्तानीबी, ही तर शादी झाली. शादीला वरची मंजुरी लागत नाय. चिठ्ठी आत्ता देतो."

"पण लग्न नाहीये!"

"कागदावर असू द्या. कागद कनातीच्या आत येऊन बघतो का?" आणि त्यांनी कलम शाईत बुडवलं. "दुल्हन, मिस दीना उजागरे. दूल्हा..." इथे ते थांबले, माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना दया आली असावी. "खाली छोड देता हूँ. नंतर भरू. घाई काय आहे?"

आता मी काय करायला हवं होतं, हे मला आजही माहीत आहे. उठायला हवं होतं आणि मुलींना शिकवते तसं खरं बोलायला हवं होतं. पण चार दिवसांचे हेलपाटे, वरून तीन-चार महिने आणि डोळ्यांपुढे ती भागूबाईची रिकामी जागा. मी खोटं बोलले नाही. मी फक्त गप्प बसले आणि सही केली. या दोहोंत फरक आहे, असं मी पाळकसाहेबांना पुढे बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांना पटला नाही.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की चिठ्ठी जागेवर आठ दिवस आधी दर्शनी भागी लावावी. मी कायदा पाळणारी बाई आहे. लावली दाराला.

दुपारपर्यंत गल्लीनं ती वाचली आणि संध्याकाळपर्यंत छावणीपर्यंत पोचवली.

रामकिसन पेढा घेऊन आला. "मास्तरीणबाई, आम्हाला सांगायचं तरी! पाव्हनं कुठलं?" नजमुन्निसा आपांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी झरोक्यातून शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हौ हौ, समझ गई. शरमाव नक्को." आणि नातेवाइकांत जाफरानाची, म्हणजे केशराची, चौकशी सुरू केली, कारण गोड जर्दा भात नसलेली शादी म्हणजे शादीच नाही. शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावून लग्नानंतर नोकरी चालू राहील की नाही हा नियम वाचून दाखवला. राहणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाळक सूर्यभान आले. ते दुखावले होते. आमच्यात लग्न ठरलं की देवळात तीन रविवार त्याची जाहिरात वाचतात, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगावं. ती न वाचता पाळकानं लग्न लावलं तर पाळकालाच जाब द्यावा लागतो.

"दीनाबाई, एकही रविवार वाचलेला नाही मी," ते म्हणाले. "आणि वाचू तरी काय? कुणाशी?"

"कुणाशीच नाही, पाळकसाहेब."

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती ऐकली, खोटं आणि गप्प बसणं यांवर मला थोडं सुनावलं, मग चहा घेतला आणि चहा पिता पिता त्यांचा चेहरा उजळला. ही फार धोक्याची खूण असते. "आता कागद झालाच आहे, तर... आपले त्रिंबक मास्तर आहेत. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. पेटी चांगली वाजवतात."

त्रिंबक मास्तर देवळात पेटी वाजवत. चांगली वाजवत, हे खरं; पण प्रत्येक गीत असं वाजवत, की जणू ते गीत त्यांच्यामागे लागलं आहे. वय पन्नास. माझ्याशी बोलताना ते माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत. मी पाळकसाहेबांना सांगितलं, की मला मास्तरांची पेटी हवी आहे, मास्तर नकोत. ते हसले आणि गेले. पुढे ते तसेच मास्तरांकडे गेले असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

या सगळ्याचं मला हसू आलं असतं. पण एक गोष्ट झाली आणि ते राहून गेलं.

मुकुंदवाडीला पुतळाबाई राहायची. मिशनच्या दवाखान्यात आया होती. विधवा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. सगळ्या अकरा जणींत मला तीच हवी होती, कारण भागूबाईसारखीच तीही एका खोलीत एकटी आणि गावाबाहेर. मी तिला सांगायला गेले तर ती दारातच उभी राहिली.

"नाय बाई. लग्नाला मी येत नसते."

"पुतळाबाई, लग्न नाहीये!"

"समदे म्हनतेत हाय. कागद लागलाय म्हनं." ती पदराशी चाळा करत होती. "असंल तर लई चांगलं झालं. देव तुमचं भलं करो. पर माझं पाऊल नको त्याच्यात. मी लग्नाच्या घरी चुलीपाशी बसते, मांडवात बसत नाय. माझ्या भावाच्या लेकीच्या लग्नात बी नाय बसले."

तिचा बाप्तिस्मा होऊन वीस वर्षं झाली होती. विधवेचं पाऊल वाईट असं आमच्यात कुणी मानत नाही, म्हणजे मानत नाही असं आम्ही म्हणतो. पण कुणी तिला पंगतीत ये म्हणालं नव्हतं आणि तीही कधी बसली नव्हती. मला रडू आलं. मग कळलं, की पाच विधवांचं हेच म्हणणं आहे. ज्यांना बोलवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांनाच त्या कागदानं दारातून माघारी फिरवलं होतं.

मी पाचही घरी परत गेले, एकेकीला सांगितलं. चौघींना पटलं. पुतळाबाई म्हणाली, "येते. पर भाकरी थापायला."

शनिवार उजाडला. अंगणापुढचा गल्लीचा तुकडा आत घेऊन कनात उभी राहिली आणि तिच्या आरशांत सगळी गल्ली चमकू लागली. त्या दिवशीचं वाचन आधी दहा कुमारींचं ठरलं होतं, त्या दिवे घेऊन रात्रभर वराची वाट पाहतात ते. ते मी ऐन वेळी बदललं. लोकांना हसायला आणखी कारण द्यायची माझी तयारी नव्हती.

पाचच्या आधी बायका यायला लागल्या. फुलंब्रीहून बानाबाई चालत आली. ही मेंढरं राखणाऱ्या घरातली, नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा बाहेर पडलेली. तिच्या काखेत जिवंत कोंबडी होती.

"हे काय गं?"

"लगीन हाय म्हनलं, मंग रिकाम्या हातानं कशी यिऊ?"

"बानाबाई, लग्न नाही."

"नसंना का. कोंबडी तर हाय."

दवाखान्यातली आशाबाई नर्स आली, बाकीच्या आल्या. पुतळाबाई सगळ्यांच्या आधी मागच्या दारानं येऊन चुलीपाशी बसली होती. आपांनी भिंतीवरून जर्दा भाताची देग पोचती केली आणि स्वतः झरोक्यापाशी तक्क्याला टेकून बसल्या. त्याही एकट्याच होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी मोजलं. दहा अंगणात आणि एक चुलीपाशी. मला इतकं बरं वाटलं, की मी पहिलं गीत जरा वरच्या पट्टीत सुरू केलं आणि सगळ्यांना दमवलं.

दुसरं गीत चालू असताना कनात बाजूला झाली आणि हबीब जवान आत आला.

हबीब चौकीचा शिपाई. मोठ्या मिशा, मोठं पोट आणि स्वभावानं लोणी. पण हातात दारावरून काढलेली माझी चिठ्ठी होती आणि चिठ्ठी हातात असलेला सरकारी माणूस वेगळाच होतो. "उस्तानीबी, मुबारक! साहेबांनी पाठवलं. दूल्ह्याचं नाव खाली है. भरून न्यायचं है." त्यानं अंगणभर नजर फिरवली. "दूल्हा किदर?"

गीत थांबलं.

"हबीबमियां," मी म्हटलं, "दूल्हा..."

"आला नाय का अजून? मंग बसतो मी. पर आज नाव भरलंच पायजे. दूल्हा नसेल तर शादी नाय, शादी नसेल तर जलसा. बिन-इजाजत जलसा. मंग समद्यांचे नावं चौकीत लिवावे लागतेत." तो हे दटावून म्हणाला नाही, उलट वाईट वाटत असल्यासारखा म्हणाला. त्यानं ते आणखी वाईट झालं.

मी बायकांकडे पाहिलं. आशाबाईनं पदर डोक्यावर घेतला होता. चौकीत नाव म्हणजे तिची नोकरी गेली. पुतळाबाई चुलीमागे उभी राहिली, हातात पीठ तसंच. मला एवढं कळलं, की आज या बायका चौकीत गेल्या तर परत या अंगणात एकही येणार नाही. पुन्हा आपापल्या खोल्या आणि आपापल्या कड्या. कुणाची तरी जागा रिकामी दिसेल आणि आम्ही म्हणू, गेली असेल वैजापूरला.

नेमके त्याच क्षणी त्रिंबक मास्तर आले.

मी निरोप पाठवून मागितलेली पेटी घेऊन आले. पाठवतो म्हणाले होते, पण हमाल मिळाला नाही म्हणून स्वतः उचलून आणली. आणि गल्लीत सगळे लग्न म्हणतात म्हणून लग्नात वाजवायला जाताना घालत तो त्यांचा एकुलता एक हिमरूचा कोट घालून आले. हिरवा, जरीची वेलबुट्टी असलेला. घाम पुसायला गळ्यात पांढरा रुमाल. आता मला सांगा, हबीबनं दुसरं काय समजावं?

"दूल्हे मियां!" हबीब उठला. "किती वाट पाहायला लावली!"

"कोन? मी?" मास्तरांनी पेटी छातीशी धरली. "नाय, नाय, मी पेटीवाला."

"अरे वा, पेटी बी संगं आनली! नाव सांगा जल्दी." आणि हबीबनं बानाबाईची कोंबडी, जी मघापासून त्याच्या पायात घुटमळत होती, ती उचलून काखेत धरली आणि दुसऱ्या हातानं मास्तरांचा दंड पकडला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंतीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. भूगोलाच्या तासाला नकाशासमोर उभं केल्यावर मुली अशा बघतात. मग ते ओरडले, "पाळकसाहेब म्हनले व्हते खरं! पर मी त्यास्नी व्हय म्हनलो नव्हतो! देवाशप्पथ म्हनलो नव्हतो!" त्यांनी पेटी खाली टाकली. तिनं एकदम सगळे सूर सोडले. मास्तरांनी दंड सोडवला, कनातीतून बाहेर पडले आणि हिमरूचा कोट फडकवत गल्लीतून जे सुटले, ते रामकिसनच्या म्हणण्याप्रमाणे थेट पाणचक्कीपर्यंत थांबले नाहीत. एक जोडा आमच्या अंगणात राहिला.

हबीब चार पावलं मागे धावला, पण काखेत कोंबडी होती.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. त्रिंबक मास्तरांशी लग्न करायची माझी इच्छा नव्हती, नाही आणि कधीच होणार नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सभ्यपणे नाही म्हटलं असतं. पण नाही म्हणायचं माझं होतं. आपल्याला नको असलेला माणूस आपल्याला बघून जोडा टाकून पळतो, तेव्हा काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

हबीब परत आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. त्यानं कोंबडी हळूच खाली ठेवली. "उस्तानीबी, रोना नक्को. ऐसे मर्द सौ मिलते." मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "मैं अपनी आँखों से देखा. लिखूं क्या? दूल्हा फरार. शादी मुलतवी." आणि तो थांबला. त्याला माझी परवानगी हवी होती.

खरं सांगायला हा शेवटचा क्षण होता. नाही म्हणावं, हा माझा नवरा नव्हे, माझं लग्नच नव्हतं, मला कुणी टाकून गेलेलं नाही. माझी मान ताठ राहिली असती. मी चुलीकडे पाहिलं. पुतळाबाईच्या हातावरचं पीठ वाळत चाललं होतं.

मी मान खाली घातली. "लिखो," म्हटलं.

त्यानं लिहिलं. जर्दा भात खाल्ला, दोनदा घेतला, नाक पुसलं आणि गेला. त्याच्यामागे कनातीचा पडदा पडला. मी उभी होते आणि उद्या सगळ्या शहरात माझी काय अब्रू राहील याचा विचार करत होते. तेवढ्यात चुलीकडून आवाज आला. आधी वाटलं, पुतळाबाई रडतेय. ती हसत होती. भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आशाबाई हसली, बानाबाई हसली, झरोक्यातून आपा हसल्या आणि शेवटी, माझ्या मर्जीविरुद्ध, मीही हसले.

मग पुतळाबाईनं हात धुतले. अंगणात आली, पंगतीकडे पाहिलं आणि मधली जागा बघून मांडी घालून बसली.

"लग्न मोडलं नं?" ती म्हणाली. "मंग मला काय धाड भरलीय बसायला? वाढा."

मी तिला वाढलं. आधी तिलाच वाढलं.

सोमवारी निजामुद्दीन साहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता दंड. पण त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "इजाजत शादीची आहे. शादी झाली नाय. म्हंजे इजाजत बाकी आहे. पुढच्या महिन्यात या, मुलतवीचा शिक्का मारून देतो." त्यांचा चेहरा पूर्ण गंभीर होता. या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं की काय, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. त्यांची मुलगी त्या वर्षी भूगोलात पास झाली. तिनं अभ्यास केला होता, हे मी इथे नोंदवून ठेवते.

अशी माझी शादी जानेवारीत मुलतवी झाली, फेब्रुवारीतही मुलतवी झाली आणि पुढे आठ वर्षं अशीच होत राहणार होती. मंडळी मला 'बिचारी' म्हणायची ती आता 'अरे रे बिचारी' म्हणू लागली. मी ते गिळलं. पहिल्या शनिवारी पाच वाजता आम्ही मोजायचो. अकरा. झरोक्यातल्या आपा धरून बारा.

मार्चच्या पहिल्या शनिवारी दहाच भरल्या.

पुतळाबाई नव्हती. आशाबाई म्हणाली, दवाखान्यात तिची आज सुट्टी होती. कुणीतरी म्हणालं, उशीर झाला असेल. आणखी कुणी म्हणालं, "गेली असेल..." आणि वाक्य अर्ध्यात सोडलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सव्वापाचला सगळ्या उठलो. रामकिसननं दुकान टाकून तीन टांगे बोलावले. नाक्यावर हबीब उभा होता, दहा बायका टांग्यांतून भरधाव निघालेल्या पाहून तो ओरडला, "दूल्हा सापडला क्या?" आणि उत्तराची वाट न बघता शेवटच्या टांग्याला लटकला.

मुकुंदवाडीला पोचलो तेव्हा ऊन होतं. दार आतून बंद. मी हाका मारल्या. आतून बारीक कण्हल्यासारखं ऐकू आलं. हबीबनं खांदा लावला आणि कडी उखडली.

पुतळाबाई माठापाशी जमिनीवर पडली होती. दुपारी पाय घसरला होता, मांडीचं हाड गेलं होतं, उठता येत नव्हतं. ओठ सुकले होते आणि पाणी हातभर लांब होतं. आशाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, बानाबाईनं तांब्या लावला, मी तिचा हात धरला.

पुतळाबाई पाणी प्यायली. डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. दारात दाटलेल्या बायकांकडे, त्यांच्यामागे मिशा पुसणाऱ्या हबीबकडे, बाहेर उभ्या तीन टांग्यांकडे.

"किती वाजलं?" तिनं विचारलं.

"सहा व्हायला आले. तू पाचला आली नाहीस, म्हणून आलो."

"तासाभराचा उशीर," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, पण तोंड हसत होतं. "तेवढ्यासाठी एवढी वरात घेऊन आलात व्हय गं?"